पिऊन पडला म्हणे

मोप्याच्या पठारावर इमारतीचं काम चालू होतं. गडहिंग्लजकडचा गवंडी आनंदा तिथे लंगडत कामावर आला, डावी पोटरी टम्म सुजलेली. मुकादम नारायणबाब सगळ्यांदेखत हसले, "गोंयचो सोरो सगळ्यांक सोसना. कमी घे रे!"

आनंदाने दारूला कधी बोट लावलं नव्हतं. नवस म्हणून मटण, मासळी, अंडी सोडलेली, दूध चहापुरतं. पण तो दवाखान्यात गेला नाही; घरी बायको मंगलला मुकादमाचं बोलणं सांगून पोटरीला तेल चोळत बसला. दुसऱ्या दिवशी धाप लागून विटांच्या ढिगाजवळच कोसळला.

पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. गावाकडे मात्र बातमी पोचली, ती पिऊन पडल्याची. सासूने फोनवर हुंदके देत विचारलं, "खरं सांग मंगल, पोरगं प्यायला लागलंय?" मंगलच्या अंगाची लाही लाही झाली.

म्हापशाच्या हॉस्पिटलात डॉक्टर वर्षाताईंनी तिला बाकावर बसवून समजावलं, "यांच्या रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य फार वाढलंय. मटण, मासळी, अंडी, दूध पोटात नसलं की बी-बारा जीवनसत्त्व कमी पडतं आणि ते साठतं. मग रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, रक्त सहज गोठतं. हृदयाच्या धमन्यांनाही ते बरं नव्हे. इंजेक्शनांनी ते उतरवू. पण गुठळीचं औषध वेगळं, ते चुकवायचं नाही."

"आणि दारू?"

"दारूचं एकही लक्षण नाही. कोण म्हणतं?"

मंगल उठली ती थेट बस पकडून मोप्याला. माणसं चहाला बसली होती.

"नारायणबाब, माझ्या नवऱ्याला पिताना कुणी बघितलं ओ?"

"अगो बाय, मस्करी केली मी."

"मस्करी? तुमची मस्करी ऐकून तो दवाखान्यात गेला नाही, घरी तेल चोळत बसला! म्हातारीनं अन्न सोडलंय तिकडं!"

"बरं, चुकलं माझं," ते कपात बघत पुटपुटले.

"मला नको सांगू." तिच्या तोंडून अहोजाहो कधी गळालं, तिला कळलं नाही. तिने सासूला फोन लावून त्यांच्या तोंडापुढे धरला. "तिला सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

नारायणबाबांनी घसा खाकरला. "आवय, तुमचो झील पियेना. मी खोटं बोललो. त्याला रक्ताचा आजार झालाय."

 पलीकडून म्हातारी म्हणाली, "देवा! आता कसा हाय माझा आनंदा? जेवतोय का?"

नारायणबाबांनी मंगलकडे पाहिलं. हॉस्पिटलात ते एकदाही गेले नव्हते.

मंगलने फोन हलवला नाही. "सांग की."