हौदात राहिलेलं जाकीट

सकाळी तिनं चाचणीघरातल्या हौदाचं झाकण उचललं. तळाशी जाकीट होतं. कालचं! भिजवून ज्यावर चाचणीसाठी बंदुकीतून पोलादी तुकडे झाडायचे ते संरक्षक जाकीट इथे आरामात पडलंय, मग काल "ओलं, पास" म्हणून तिनं सही ठोकली ती कशावर? कोरड्यावर! घाईघाईत फळीवरचंच उचललं होतं तिनं, मोठ्या बाईसाहेबच की! निदान हात लावून बघावं? तेही नाही.

भिजलं की असल्या जाकिटाचं कापड कमजोर पडू शकतं, म्हणून तर ही चाचणी. त्या खेपेचा सगळा माल काल संध्याकाळीच सुरुंग काढणाऱ्या तुकडीकडे रवाना झाला होता. त्याच तुकडीत तिचा धाकटा दीर. आज त्यातलंच जाकीट घालून तो नदीच्या पात्रातले सुरुंग काढायला उतरणार होता.

"काका, याच्यावर बार काढायचेत," ती बंदूक चालवणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणाली.

"याच्यावर? अगं, रात्रभर मुरलंय ते. अन्याय होईल बिचाऱ्यावर."

"काढा हो!"

काका चपापले. त्यांनी जाकीट चौकटीला बांधलं, मागे पातळ पत्रा लावला. हरभऱ्याएवढा पोलादी तुकडा सुटला. तिनं पत्रा काढून खिडकीशी धरला. भोक नव्हतं. दुसऱ्या बारालाही नाही, तिसऱ्यालाही नाही. सुटले बाई, असं म्हणेपर्यंत चौथा बार झाला आणि पत्र्यातून बारीकसा उजेड आला.

काका हळूच म्हणाले, "सही झालीय ना? मग गप्प बस. नोकरी जाईल, पोरी."

नोकरी गेली खड्ड्यात! दिराचा फोन बंद होता. तिनं थेट तुकडीच्या छावणीत लावला.

"पाण्यातल्या माणसांना बाहेर काढा, आत्ताच्या आत्ता! ती जाकिटं चालणार नाहीत. मीच चुकून पास केलीत."

पलीकडच्या माणसानं वायरलेसवर हाक मारली. "सगळे बाहेर या! जाकिटं धोक्याची आहेत म्हणतात."

मग फोनमधूनच, वायरलेसच्या खरखरीतून दिराचा आवाज आला, नेहमीसारखा हसरा. "कोण म्हणतं? माझ्या वहिनीनं पास केलंय ते! सुरुंग अर्धा मोकळा झालाय, संपवूनच येतो."

"वहिनीच सांगतेय म्हणावं भाऊजींना!" ती किंचाळली. "अहो, सांगा ना, वहिनीच सांगतेय!"

पलीकडचा माणूस तेच सांगत होता, पुन्हा पुन्हा. दिराकडून उत्तर येत नव्हतं.