मालूताईंनी मला उभं केलं

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. माझ्या पोटात इटलीतली लाल वाइन होती. ते मोठ्यांचं पेय. तुम्ही माझी गोष्ट तेवढी ऐका.

एका टेकडीवरच्या द्राक्षांची ही वाइन. खुडणीनंतर पाच वर्षं तिला तळघरात वाट पाहावी लागली, तेव्हा कुठे ती जगापुढे आली. आमच्या मळ्याचं नाव मोठं, म्हणून बहरीनला, मुहर्रकच्या एका हॉटेलात, माझं स्वागतही थाटात झालं. वाइनची खोली सांभाळणाऱ्या वसईच्या जेकबनी मला थंड, अंधाऱ्या फळीवर आडवं निजवलं. आडवं असलं की वाइन बुचाला भिजवत राहते आणि आत हवा शिरत नाही. आमच्या मळ्याची पुढची नवी वाइन येईल, त्या संध्याकाळी आधी मला उघडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मग जेकबना वर्षभरासाठी मालकांच्या दुसऱ्या हॉटेलात पाठवलं. माझ्याकडे कोणी बघेना. बघितलं ते साफसफाईच्या मालूताईंनी. त्या कोकणातल्या, गुरुवारचा उपास करणाऱ्या, वाइनचा थेंबही न चाखलेल्या. एके दिवशी त्यांनी माझी धूळ पुसली आणि मला अलगद उभं ठेवलं. कुणीतरी मायेनं हात लावला, मला किती बरं वाटलं! बूच मात्र हळूहळू सुकू लागलं.

नवी वाइन यायच्या चार दिवस आधी जेकब परतले. हिला उभं कुणी केलं, त्यांनी विचारलं.

"मीच, जेकबदादा. भरला कलश आपण कधी आडवा ठेवतो का?"

जेकबनी बुचाचं समजावलं, तशा मालूताई खालीच बसल्या. महिनाअखेरीस त्यांचा व्हिसा संपत होता. तो वाढवायचा की नाही, ते मॅनेजर ग्लोरियाबाई ठरवणार होत्या. गप्प राहू, कोणाला कळणार नाही, असं जेकब म्हणाले. पण मालूताईंनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. मग जेकबही मागोमाग गेले. चूक माझी, मी काही सांगूनच गेलो नाही, म्हणाले. आधी बाटली तर उघडू द्या, एवढंच ग्लोरियाबाई बोलल्या.

त्या संध्याकाळी पाहुणे जमले. बूच अर्ध्यात तुटलं. जेकबनी वाइन तलम कापडातून गाळली, वास घेतला, घोटभर चाखली. दाराशी मालूताई डोळे मिटून उभ्या होत्या.

"बूच खलास," जेकब हळूच म्हणाले. "वाइन थकलीय, पण जिवंत आहे."

पाहुण्यांनी मला सावकाश संपवलं, मगच नवी बाटली उघडली. दुसऱ्या दिवशी ग्लोरियाबाईंनी मालूताईंच्या व्हिसाच्या कागदावर सही केली. नव्या वाइनच्या खोक्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मालू, या सगळ्या तूच आडव्या ठेव."

मित्रांनो, माया कुठेच कमी नव्हती. एकाचं सांगायचं राहिलं, एकीचं विचारायचं. एखादी वस्तू दुसऱ्याच्या हाती द्याल, तेव्हा ती कशी जगते तेही त्याला सांगा.

मालूताईंनी मला धुतलं, पुसलं, खिडकीपाशी नेलं. आणि ठेवण्याआधी जेकबना विचारलं, "दादा, आता रिकामी आहे. आता उभी ठेवू?"