सांगडीचे आठ भोपळे

मले कोनी मुकी म्हनलं तं मी त्याच्या सात पिढ्या काढीन. वाशीमच्या बाजारात तीस वर्सं वांगे अन् मेथी इकली ते काय तोंड शिवून? पन त्या दिवशी मले तोंड उघडाची मनाई होती.

साल मोठ्या लढाईचं. रॉकेलसाठी रांगा लागत होत्या, तेव्हाचं. माही लेक प्रयाग बाळंतपनाले आमच्या मळ्यात आली होती. आधीचे दोन लेकरं गेले, हे तिसरं जगलं. तिनं नवस बोलला होता का लेकरू सव्वा महिन्याचं झालं म्हंजे आसरामायच्या पायावर घालीन. आसरामाय म्हंजे पान्यातल्या सात बहिनी. त्यायचं ठानं आमच्या मळ्याच्या खाली, नदीच्या डोहात, बेटावर. सकाळी जाचं, नैवेद्य दाखवाचा, तिथंच जेवाचं, अन् दिवस बुडाच्या आत घरी याचं.

आता आमच्याकडं नाव कुठली? सुकलेले भोपळे खाटेखाली बांधाचे का झाली सांगड. नथ्थू भोई मांगून पोहत ती ढकलत ने. एका खेपेले एकच मानूस बसे.

अन् रीत अशी, का नैवेद्याची पाटी जिच्या डोक्यावर, तिनं घरून निंगाल्यापासून ती पाटी आसरामायपुढं ठेवेपर्यंत तोंडातून शबूद काढाचा नाई. काढला तं नैवेद्य बाटला. मंग आसरामाय लेकरू पान्यात ओढते म्हनत. मी हसनारी बाई, पन याच्यावर मी हसत नव्हती. दोन नातवंडं मातीत घातले होते म्या.

सांगडीचे आठही भोपळे आमच्या वेलाचे. घागरीएवढे! असं वान वाशीम-मालेगावात कोनाजवळच नव्हतं, अन् यायले त्याचा लय तोरा. हे म्हंजे आमचे घरधनी, रंगराव. "बी घराबाहेर गेलं तं तुह्या हाताचं पानी पेनार नाई," असं मले बजावलं होतं. माहा भाऊ जगदेव कामरगावून पायी आला, चार बिया मांगितल्या, तं त्याले चहा पाजून रिकाम्या हाती धाडलं. मले ते लय लागलं. सख्खा भाऊ माहा! मंग चैत्रात हे बाहेरगावी गेले तवा म्या आढ्याले सुकत टांगलेल्यायतले दोन भोपळे उतरवले, देठापाशी भोक पाडलं, सळईनं बी काढलं अन् भावाले पोचतं केलं. भोकं मेन वितळवून बुजवले अन् भोपळे होते तसे टांगून देल्ले. कोनाच्या बापाले पत्ता लागला नाई.

त्याच उन्हाळ्यात यायच्या डोक्यावर नवा केसरी फेटा आला. मालेगावच्या गोपीचंदानं दोस्तीत देल्ला म्हने. म्या म्हनलं, असंल बाप्पा.

दिवाळी होऊन गेली होती. मी पहाटेपासून पुरनाच्या घाईत, म्हनून यायनं अन् नथ्थूनं खाट कवा बांधली ते म्या पायलंच नाई. पाटी डोक्यावर घेतली अन् तोंड बंद केलं. पयल्या खेपेले प्रयाग लेकरू घेऊन बसली. दुसऱ्या खेपेले मी जानार होती. हे माह्याजवळ काठावर उभे होते.

सांगड अर्ध्या डोहात गेली. प्रयाग लेकराले पानी दाखवून राह्यली होती. अन् मले पुढच्या कोपऱ्यापाशी बुडबुडे दिसले. एक, दोन, मंग भसाभसा.

माहे भोपळे! म्या भोकं पाडलेले भोपळे लेकीच्या खाटेखाली बांधले! आढ्यावरून नेमके तेच काढले असतीन, हे माह्या डोक्यात कायले आलं नसंल वं माय?

नथ्थू मांगं, त्याले पुढचं दिसेना. प्रयागची पाठ तिकडं. बोलावं तं नैवेद्य बाटते, आसरामाय लेकरू नेते. न बोलावं तं डोह नेते. म्या यायच्याकडं पायलं. यायचे डोळे त्याच कोपऱ्यावर होते. खालचा ओठ लोंबला होता. म्या कोपरानं ढोसलं, डोळ्यानं खुनावलं, बोला ना! यायनं माहा हात झटकला अन् पाहत राह्यले.

तीन दम म्या थांबली. मोजून तीन. त्याची लाज मले आजही वाटते.

मंग म्या वरडली. "नथ्थ्या! पुढचा कोपरा! भोपळा भरून राह्यला रे!"

पाटी डोक्यावरून गेली, पुरनपोळ्या चिखलात. खाट कलली. प्रयाग छातीपर्यंत पान्यात, लेकरू दोन्ही हातानं डोक्यावर. नथ्थू बुडी मारून पुढं गेला अन् त्यानं तो कोपरा खांद्यावर घेऊन खाट काठाकडं आनली. मी लुगड्यासकट पान्यात शिरली, गळ्यापर्यंत. पोहनं येत नाई मले. खाटेची दोरी हाती लागली तशी वढत सुटली. लेकरू काठावर आलं तवा त्याचे पायही ओले नव्हते, अन् ते असं बोंबललं का मले रडूच फुटलं.

तवा यायले वाचा फुटली. "मौन कायले मोडलं? आसरामाय कोपली म्हनून खाट कलली! तुह्या तोंडानं लेकरू जात होतं!"

"बुडबुडे आधी आले," म्या म्हनलं. "अन् आसरामायले कायले बोल लावता? म्या केलं. दोन भोपळ्याले म्या भोकं पाडले. बी भावाले देल्लं."

यायचा हात उगारला गेला. "हरामखोर! तरी म्या बजावलं होतं!" प्रयाग ओल्या अंगानं थरथरत माह्याकडं पाहून राह्यली. मी गालावर हात घेतला नाई. मारा म्हनलं, बरोबर हाय.

पन नथ्थूनं खाट पालथी केली.

मांगच्या बाजूले माहे दोन भोपळे. मेनाचे बूच जसेच्या तसे, थेंबभर पानी आत नाई. अन् पुढच्या कोपऱ्यात दुसरेच दोन. देठापाशी भोकं, आत डोहाचं पानी, कडेले शेना-मातीचा गिलावा विरघळून लोंबत होता.

नथ्थू म्हने, "रंगराव, शेनाचं बूच पान्यात टिकते का? हे कोनं मारलं?"

उगारलेला हात तसाच राह्यला. मले मालेगावचा गोपीचंद आठवला; बी त्याच्याकडं गेलं होतं. मंग फेटा दिसला. मी गळ्यापर्यंत ओली, प्रयाग ओली, नथ्थू ओला. यायचा केसरी फेटा कोरडा ठक्क होता. धोतराची कासही भिजली नव्हती. डोह या काठापासून त्या काठापर्यंत पोहून जानारा मानूस हा!

तीस वर्सात घरधन्याले म्या अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

"तुले सुरुवातीपासून दिसत होतं," म्या म्हनलं. "माह्या डोक्यावर नैवेद्य होता. तुह्या डोक्यावर फेटाच होता ना? मंग तू कायले नाई बोलला रे?"

तो खाली चिखलातल्या पोळ्यांकडं पाहून राह्यला. प्रयागनं लेकरू पदरात घेतलं अन् ती बापाच्या तोंडाकडं पाहत उभी राह्यली. तिलेही आयकाचं होतं.

"मले वाटलं," तो म्हने, "तू बोलशीन."