चाळिसावा खड्डा

दाक्षायणीने पहार उचलली आणि फरशीच्या कडेवर एकदा आपटली. आवाज खणखणीत आला, म्हणजे कुठे तडा नव्हता. टिकावाचा दांडा तिने मुठीत धरून पिळून पाहिला. तोही हलला नाही. फावड्याचं पातं झिजून वीतभर उरलं होतं, पण धार शाबूत होती. मंगळवारच्या जुन्या बाजारात सकाळपासून ती दहा ठिकाणी फिरली होती. कुठे वेल्डिंगचा जोड, कुठे रंग फासून झाकलेला गंज. इतकी चांगली हत्यारं इतक्या स्वस्तात कुणी देतं म्हणजे पाणी कुठेतरी मुरत असणार.

“चोरीची न्हाईत नव्हं?”

गोणपाटावर बसलेली म्हातारी हसली. तिचं नाव केराबाई.

“चोरीची असती तर कवाच खपली असती. रुद्रभूमीतली हायेत, बाई. आमच्या म्हाताऱ्यानं चाळीस वर्सं ह्यानंच खड्डं काडलं. तुमच्याच लोकांचं. तुमचा बसता खड्डा असतो की, लई खोल जावं लागतंय. आता म्हातारा गेला आन् तितं मशीन आलं. मी कुणापासनं लपवत न्हाय, म्हणून कुणी घेत न्हाय.”

दाक्षायणीच्या कपाळावरची विभूती पाहूनच ती ‘तुमच्या’ म्हणाली होती. लिंगायतांत गेलेल्या माणसाला झोपवत नाहीत, रुद्रभूमीत, म्हणजे त्यांच्या स्मशानात, मांडी घालून बसवून मातीत ठेवतात. दाक्षायणीचा हात क्षणभर आखडला. मग तिला आपल्या हाताचाच राग आला. तिने पहार खांद्यावर टाकली आणि टिकाव-फावडं गोणपाटात गुंडाळून मागितलं.

तिला खड्डेच खणायचे होते. वळसंगच्या अलीकडे, अक्कलकोट रस्त्यापासून आत, पाच गुंठे माळ तिच्या आईने जाताना तिच्या नावावर केला होता. थोरले दीर वीरभद्रप्पा यांना तो विकून मुलाला मोबाईलचं दुकान काढून द्यायचं होतं. सातबाऱ्यावर नाव दाक्षायणीचं, म्हणून सही तिची हवी. तिचा नवरा महेश्वर भावाकडे बघून एकदा मान हलवायचा, बायकोकडे बघून एकदा. त्या मानेचा अर्थ वीस वर्षांत कुणाला लागला नव्हता.

“पडीक माळ तो. कुसळाशिवाय काय उगवतंय तितं?” वीरभद्रप्पा सगळ्यांसमोर म्हणाले होते. “दसऱ्याच्या आत चाळीस झाडं उभी करून दाखव, पुन्ना नाव काडणार न्हाय. न्हाय झालं तर सही.”

“चालंल,” दाक्षायणी म्हणाली होती, आणि भाकरी उलटायला आत गेली होती. मजूर लावायला तिच्याकडे पैसे नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. तिचे हात मात्र त्यांनी हिशेबात धरले नव्हते.

ती बाजारातून आली तेव्हा वीरभद्रप्पा दारातच उभे होते.

“कुटनं आणलीस?”

थाप मारणं सोपं होतं. पण ज्या म्हातारीने खरं सांगून माल विकला, तिचा माल खोटं बोलून घरात न्यायचा तिला कमीपणा वाटला. तिने सांगून टाकलं.

वीरभद्रप्पा दोन पावलं मागे सरकले. “बाहेर! उंबऱ्याच्या आत आणायची न्हाईत.”

“भाऊजी, आपल्यात सुतक नसतंय की. दर बसवजयंतीला तुमीच माईकवर सांगता.”

“ते भाषण येगळं, घर येगळं.”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. दाक्षायणीच्या अगदी ओठावर आलं होतं, तिने गिळलं. पडवीत बाजेवर तिची सासू गिरिजाबाई बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची ही बाई दिवसाकाठी चार वाक्यं बोलायची. त्यातलं एक तिने आत्ता खर्च केलं.

“पहार कुणाची म्हणालीस?”

“केराबाईच्या म्हाताऱ्याची, अव्वा. रुद्रभूमीत कामाला होता त्याची.”

गिरिजाबाईने पहारीकडे बराच वेळ पाहिलं आणि तोंड फिरवलं. दाक्षायणीला वाईट वाटलं. दिराचं ती मनाला लावून घेत नसे, पण सासूने तरी तोंड फिरवायला नको होतं.

हत्यारं माळावर न्यावीत तर तिथे ना खोली ना छप्पर. उघड्यावर ठेवलेलं लोखंड एक तर गंजतं, नाहीतर पाय फुटून भंगारात जातं. शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या गोठ्यात ठेवायला आधी हो म्हटलं, मग हत्यारांचं मूळ कळताच त्याच्या गोठ्यात अचानक जागा उरली नाही. पत्र्याच्या नव्या पेटीचा भाव ऐकून ती उलट पावली परतली. शेवटी एका भंगारवाल्याकडे तिला आइस्क्रीमच्या दुकानातला मेलेला फ्रीझर सापडला. आडवा, लांबलचक, वर झाकण, झाकणाला कुलूप घालायची कडी. यंत्र काढून घेतलेलं होतं, त्यामुळे तो पत्र्याच्या भावात मिळाला. बाजूवर गुलाबी आइस्क्रीमचं चित्र तसंच होतं. तिने तो टेम्पोत घालून माळावर नेला, चार दगडांवर ठेवला, आणि पहार तिरकी केली तर नेमकी आत बसली. पाण्याचा थेंब आत जात नव्हता.

मग रोज सकाळी स्वयंपाक उरकून ती वळसंगची एसटी धरू लागली. वर वीतभर माती, खाली मुरूम. दिवसाला एक खड्डा, कधी अर्धाच. तळहाताला फोड आले, फुटले, तिथे घट्टे पडले. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारत, “बाई, आइस्क्रीम हाय का?” ती म्हणे, “हाय की. या, खड्डा काडा, मग देते.” एका एका खड्ड्यात तिने सीताफळाचं रोप लावलं आणि घागरीने पाणी घातलं. मधे पावसाने चार दिवस खाल्ले. ते चार दिवस तिला कुठूनही परत आणता आले नाहीत.

अष्टमीच्या दिवशी ऊन कलल्यावर बांधाशी गाडी थांबली. वीरभद्रप्पा उतरले आणि त्यांच्या मागून काठी टेकत गिरिजाबाई. तिने येण्याचा हट्टच धरला म्हणे. वीरभद्रप्पांनी एका टोकापासून बोट नाचवत रोपं मोजली, मग उलट्या बाजूने पुन्हा मोजली.

“एकुणचाळीस.”

“चाळिसावं उद्या,” दाक्षायणी म्हणाली. पूर्वेच्या कोपऱ्यात शेवटच्या जागेवर तिने पहार नुकतीच रोवली होती. रोप सावलीत तयार होतं.

“उद्या खंडेनवमी. हत्याराला हात लावायचा नसतो. परवा दसरा. ठरलं व्हतं ते ठरलं.”

“मी उद्याबी खणणार. बघू कोण आडवतंय.”

तिचा आवाज चढला होता आणि डोळे भरून आले होते, त्याचाच तिला जास्त संताप आला. एका झाडासाठी आईचा माळ जायचा! वीरभद्रप्पा काही बोलणार इतक्यात गिरिजाबाई त्या दोघांमधून चालत पूर्वेच्या कोपऱ्यात गेली. रोवलेल्या पहारीवर तिने एक हात टेकला आणि काठीने जमीन ठोकून पाहिली.

“हितं सीताफळ नको.”

“मग काय लावू, अव्वा?”

“मला.”

गिरिजाबाईने पहारीवरून हात फिरवला.

“तुझ्या सासऱ्यास्नी ह्याच पहारीनं जागा केलती. मी उभी व्हते तितं. नीट काम केलं त्या माणसानं, कड कशी सरळ. मलाबी हिनंच करा. पर रुद्रभूमीत न्हाय, हितं. बसल्या जागी झाडं दिसतील.”

“अव्वा, काय बोलतीस हे?” वीरभद्रप्पा पुढे आले. “समाधी असलेली जागा उद्या घेणार कोण?”

“तेच म्हणते मी.”

“पर... एक कमीच हाय न्हवं?”

“कमी न्हाय, चाळिसावा खड्डा राखलेला हाय. का तुझ्या दसऱ्यासाटी मी घाई करू?”

वीरभद्रप्पांनी मान खाली घातली.

दाक्षायणीला हसावं की म्हातारीचे पाय धरावेत ते कळेना. तिने पदराने डोळे पुसले आणि नुसतं म्हटलं, “अव्वा, ऊन लागतंय, सावलीत चला.”

“चलते. आधी ही हत्यारं गाडीत घाला. उद्या पूजेला लागतील.”

“घरात?” वीरभद्रप्पांनी विचारलं.

“मग पूजा काय रस्त्यावर करतात?”

दाक्षायणीने फ्रीझरचं कुलूप काढून टिकाव आणि फावडं बाहेर घेतलं. पहार अजून कोपऱ्यात उभी होती. वीरभद्रप्पांनी पहारीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, हात पँटला पुसले आणि एका हाताने पहार ओढली. ती मुरुमात घट्ट बसली होती.

“दोन्ही हातांनी धरा, भाऊजी,” दाक्षायणी म्हणाली.