अर्ध्या पुस्तकाची खुर्ची

लेखकनिवासातल्या बुक क्लबचा नियम मोठा विचित्र होता. ज्याचं लिखाण वाचायचं, त्याने शेजारच्या खोलीत बसायचं, मधलं दार किलकिलं ठेवायचं आणि चर्चा संपेपर्यंत ब्र काढायचा नाही. लेखक समोर बसला की माणसं गोड बोलतात आणि गोड बोलण्याने पुस्तकं बिघडतात, असं क्लब चालवणाऱ्या दातांच्या डॉक्टरांचं मत. आयुष्यभर लोकांना आ करायला लावणारा माणूस, त्याच्याशी कोण वाद घालणार?

आज शेजारच्या खोलीत लेखक नव्हता, लेखकाची बायको होती. लेखक जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. इथे सगळे त्याला ‘महाशय’ म्हणत. कादंबरी लिहायला म्हणून तो या निवासात येऊन राहिला, निम्मी लिहिली, क्लबात असा रमला की घरी फोन करायचाही विसरायचा. मग आजारी पडून घरी आला, तिथून रुग्णालयात गेला आणि संपलाच. उरलेली निम्मी कादंबरी बायकोने लिहिली होती. हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. नवऱ्याचं प्रत्येक पुस्तक तिच्या हाताखालून गेलेलं. तो कुठे स्वल्पविराम टाकेल, कुठे कंटाळून वाक्य मध्येच तोडेल, हे तिला आमटीतल्या मिठासारखं अंदाजाने कळायचं. तो गेल्यावर ती त्याच्याच टेबलाशी बसली आणि लिहीत सुटली. प्रकाशकाला आणि या निवासाच्या व्यवस्थापक बाईंना तिने सांगितलं, की तापात ते सांगत गेले, मी उतरवून घेतलं. पुस्तक त्याच्या नावाने यावं, अखंड यावं, सांधा कुणाला दिसू नये, एवढीच तिची इच्छा होती. पहिली निम्मी या क्लबाने त्याच्याच तोंडून ऐकली होती. यांना सांधा दिसला नाही, तर कुणालाच दिसणार नव्हता.

सकाळी व्यवस्थापक बाईंनी तिला क्लबचा आणखी एक नियम सांगितला होता. पुस्तक अर्धं असताना कुणी गेलं, तर ते पुरं होईपर्यंत त्याची खुर्ची हलवायची नाही. त्याची बोलायची पाळी आली की सगळ्यांनी गप्प राहायचं. पुस्तक संपलं की खुर्ची भिंतीला लावायची. ऐकून तिला भरून आलं होतं. एकेकाचं खूळ, पण चांगलं खूळ, असं तिला वाटलं.

दुपारच्या चहानंतर शेवटची प्रकरणं वाचून झाली. कादंबरीतला घड्याळजी अंथरुणाला खिळलेल्या बायकोचे केस धुतो, कोमट पाणी आधी आपल्या मनगटावर घालून बघतो, तिथे पुस्तक संपत होतं. क्लबातल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, शाळेत असते तर हे पान मुलांकडून पाठ करून घेतलं असतं. तिसरे सभासद टेलरकाका मान डोलवत राहिले. दाराआड तिचा जीव भांड्यात पडला. कुणालाच काही कळलं नव्हतं.

मग महाशयांची पाळी आली आणि सगळे गप्प झाले.

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. जरा वेळाने डॉक्टर म्हणाले, "नाही महाशय, हे काही मला पटत नाही." मुख्याध्यापिका बाई त्यांना म्हणाल्या, आधी ऐकून तर घ्या. पुन्हा शांतता. मग टेलरकाका खुदकन हसले. महाशय गंभीर बोलता बोलता मध्येच एखादी टपली मारायचा, तेव्हा माणसं अशीच हसायची.

तिने घाबरतच फटीतून पाहिलं. खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीत कुणीही नव्हतं. पण तिघंही तिकडे बघत होते आणि टेलरकाकांनी खुर्चीच्या हाताजवळचा कप हळूच बाजूला सरकवला. बोलताना हात उडवायची खोड होती महाशयाला. ती कान देऊन बसली, श्वास धरून बसली. काही नाही. भीती केव्हाच मागे पडली आणि तिला संताप आला. या परक्या माणसांना तो ऐकू येतो, आणि मी जन्म काढला त्याच्याबरोबर, माझ्या वाट्याला नुसता पंखा!

इतक्यात डॉक्टरांनी स्वतःच नियम मोडून दार उघडलं.

"वहिनी," ते म्हणाले, "महाशय म्हणतात, ही प्रकरणं त्यांची नाहीत. ‘मी कधी कुणाचे केस धुतले नाहीत, मला हे कुठून सुचणार?’ म्हणतात. विचारतायत, कुणी लिहिलं? ‘माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय,’ म्हणाले."

त्या शेवटच्या वाक्यासाठी तिने काय दिलं नसतं? इतक्या वर्षांत त्याने तिला चुका किती सापडल्या एवढंच विचारलं होतं. एक शब्द सांगायचा, की त्याला कळणार होतं.

"त्यांचं नसेल, तर पुस्तक अर्धंच राहिलं म्हणायचं," मुख्याध्यापिका बाई हळूच म्हणाल्या. "मग खुर्ची राहील. ते राहतील. आम्हाला हवेच आहेत."

तिलाही हवा होता. ऐकू येत नाही तर नाही, दर आठवड्याला इथे येऊन तिने पंखा ऐकला असता. त्याने काय म्हटलं ते डॉक्टरांकडून ऐकलं असतं.

"कसे दिसतात?" तिने विचारलं.

टेलरकाकांनी मान खाली घातली. "अंगात रुग्णालयातलेच कपडे आहेत. हाताला सुईची पट्टी आहे. मध्येच पोट दाबून धरतात." मग म्हणाले, "पहिल्यापासून तसेच आहेत हो. काही कमी होत नाही."

खुर्ची राहिली, तर त्याचं दुखणंही तसंच राहणार होतं. ती खुर्चीपाशी गेली. बसल्यावर त्याचं तोंड जिथे आलं असतं, तिथे बघत तिने आवाज शक्य तेवढा सरळ ठेवला.

"अहो, तुमचंच आहे ते. तापात सांगत होतात, मी नुसतं उतरवून घेतलं. तुम्हाला आठवत नाही, एवढंच. झालं पुस्तक पुरं."

तिघं ऐकत राहिले. मुख्याध्यापिका बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"‘असेल,’ म्हणाले," डॉक्टर म्हणाले.

थोड्या वेळाने टेलरकाकांनी खुर्ची उचलली आणि भिंतीला लावली. ते शेवटचं पान नेमकं कसं सुचलं असेल महाशयांना, यावर डॉक्टर आणि मुख्याध्यापिका बाई बोलू लागले. ती ऐकत उभी राहिली. ‘मी लिहिलं’ एवढंच तिला सांगायचं होतं, आणि ज्याला सांगायचं होतं तो आता खोलीत नव्हता.