निबंध म्हणजे चेष्टा

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. एकशे ब्याण्णव पानांची, अंगावर बाग गावच्या ठसेछपाईच्या उरलेल्या कापडाचं कव्हर. मला कारखान्यानं शिवलं, पण शहाणं केलं ते नापास झालेल्या एका मुलीनं. यात लाजण्यासारखं काही नाही.

ती अल्पना. देवासची, घर मराठी, शाळा हिंदी. १९९४ साली बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजी साहित्यात तिला सप्लीमेंट्री, म्हणजे फेरपरीक्षा आली. बाजारातलं गाइड तिनं अथपासून इतिपर्यंत घोकलं होतं. मेटाफरची व्याख्या घडाघडा म्हणायची, पण मेटाफर समोरून चालत आला असता तर ओळखला नसता. मी स्पष्टच सांगते, न समजता पाठ करायला लावणारे लोक मुलांच्या डोक्यात माती भरतात आणि वर पीक मागतात.

अल्पनानं गाइड रद्दीत टाकलं आणि मला आणलं. एकेक शब्द घ्यायचा, अर्थ आपल्या बोलीत लिहायचा आणि उदाहरण घरादारातलं द्यायचं, हा तिचा नियम. हायपरबोल, म्हणजे अतिशयोक्ती: हाटपिपल्याची बस शंभर वर्षांनी येते. आयरनी, म्हणजे उपरोध: पाणपोईला कुलूप. थीसिस स्टेटमेंट: तुझं म्हणणं आधी एका वाक्यात सांग, मग पाल्हाळ लाव. माझी पानं भरत होती आणि मी सुखात होते.

तिचे वडील अण्णा यांना मात्र हे खूळ वाटे. त्यांचं घराणं मराठा दरबाराबरोबर माळव्यात आलेलं. मराठीत एक काना चुकला तरी त्यांचं जेवण बिघडे. सप्लीमेंट्रीला बसायचं नाही, सोमवारी कॉलेजात जाऊन इंग्रजी सोडायचं आणि गृहविज्ञान घ्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. रविवारी सकाळी त्यांनी मला उघडलं. पहिल्याच पानावर होतं: एसे, म्हणजे निबंध. मूळ अर्थ: चेष्टा.

अण्णांचा चष्मा नाकावर घसरला. "निबंध म्हणजे चेष्टा? कुणाची, मास्तरांची की माझी?"

"अण्णा, हिंदीतली चेष्टा. कोशिश."

हिंदीतली असो नाहीतर विलायतेतली, आमच्या घरात चेष्टा म्हणजे थट्टाच, असं अण्णांनी ठणकावलं. अल्पना घाबरली, पण हटली नाही. एसे या शब्दाच्या मुळाशी प्रयत्न आहे, लिहिणाऱ्याला सगळं आधीच ठाऊक नसतं, तो लिहून बघतो, हे तिनं समजावलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी लिहून बघितलंच नव्हतं, अण्णा. नुसतं घोकलं होतं. आता एकदा बघू द्या."

अण्णांनी खिशातलं पेन काढलं आणि 'चेष्टा'शेजारी टपोऱ्या अक्षरात 'प्रयत्न' लिहिलं. तिचा शब्द खोडला नाही. त्यांनी पान उलटलं. पुढे होतं: सिमिली, म्हणजे उपमा: अण्णा तोफेसारखे बोलतात. मेटाफर, म्हणजे रूपक: अण्णा तोफ आहेत.

दोन्ही ओळी त्यांनी दोनदा वाचल्या. "यात जोरदार कुठलं?"

"मेटाफर," अल्पना पुटपुटली.

"मग परीक्षेत तेच लिही."

गृहविज्ञानाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

अल्पना पास झाली, काठावर का होईना. पुढे लग्न झालं आणि पाच वर्षं मी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत पडून राहिले. सुरक्षित होते आणि निकामी होते. २००३ साली ती धारजवळ तिरल्याच्या शाळेत शिकवायला लागली, तेव्हा माझी सुटका झाली. आता मी टेबलावर उघडी असते. कोपरे गेले, शिवण उसवली. परवा किमया नावाच्या मुलीला माझं आयरनीचं उदाहरण पटलं नाही. तिनं समासात स्वतःचं लिहिलं: वाचनालय उघडं, पुस्तकं कुलपात. अल्पनानं तिच्यासमोरच माझ्याहून चांगलं आहे म्हणून सांगितलं. मला राग आला नाही, बरं वाटलं.

म्हणून सांगते मित्रांनो, नुसतं कव्हर घातलं की वही जपली असं होत नाही. बोटांचे डाग पडू द्या, वाद घाला. माझी शेवटची चार पानं अजून कोरी आहेत. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं यावं. घोकलेलं उतरवायला मात्र कुणी येऊ नये.