भंगारातली दोन हेड

बोल्टकाकांनी इंजिनाची दोन्ही हेड, म्हणजे सिलिंडरवरची जाड लोखंडी झाकणं, उतरवून बाकावर उलटी ठेवली, त्यांच्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि मागून टॉर्च मारला. पट्टीखालून उजेड आरपार आला. हेड वाकली होती. मागच्या हेडला तर दोन व्हॉल्व्हच्या मधे तडाही गेला होता.

"गेली कामातून," ते म्हणाले.

थोरली शेजारी उभी होती. ट्रक तिच्या वडिलांचा. बाबा तो चालवायचे आणि माल मिळवायचं, गिऱ्हाइकांशी बोलायचं काम ती घरून फोनवर बघायची. बोल्टकाका बाबांचे तरुणपणापासूनचे दोस्त. काम करताना त्यांच्या ओठांत कायम एखादा बोल्ट धरलेला असायचा, म्हणून लहानपणी तिनंच ठेवलेलं हे नाव पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं. या ट्रकला त्यांच्याशिवाय दुसऱ्या मिस्त्रीचा हात कधी लागला नव्हता.

आता तेच त्यांना भोवलं होतं. घाट चढताना रेडिएटरच्या पाइपाची क्लिप सैल झाली, पाणी गळून गेलं आणि इंजिन तापून बंद पडलं. ती क्लिप काकांनीच थोड्या दिवसांपूर्वी बसवली होती. ट्रक ओढून आणला तेव्हा बाबा चार लोकांत त्यांना म्हणाले, "तुझ्या हातानं माझं इंजिन खाल्लं." या कामाची मजुरी घेणार नाही, एवढंच काकांनी सांगितलं.

"मग आता?" थोरलीनं विचारलं.

"कंपनीची नवी हेड आपल्याला झेपायची नाहीत. बाजारात बिननावाची स्वस्त मिळतात, पण त्यांचं ओतकाम कसं निघेल देव जाणे. हीच वेल्डिंग करून वापरली तर पहिल्याच चढाला तडा पुन्हा तोंड वासेल. राहिलं भंगार. याच प्रकारच्या इंजिनाची दोन बरी हेड तिथं मिळतील, तपासून आणि घासून घेऊ."

"उद्या जाऊ या का?"

"मी नाही यायचा." काकांनी हातातलं फडकं उगाचच घडी घालून ठेवलं. "माझ्या हातावर आता माझाच भरवसा नाही, पोरी. तुझ्या बापाला कळतं. तुम्ही दोघं निवडा."

भंगारवाल्याच्या आवारात हेड विटांसारखी रचलेली होती. बाबा प्रत्येकावर तळवा फिरवत, कडा चाचपत पुढे चालले होते. भंगारवाला बघून बघून कंटाळला. "शेठ, खरबूज निवडताय का? वासही घेऊन बघा," तो म्हणाला. बाबा हसले नाहीत. त्यांनी एक हेड पुढे ओढलं.

"हे घे. कसं गुळगुळीत आहे बघ."

थोरली वाकली. व्हॉल्व्हच्या दोन बैठकांमधून केसासारखी काळी रेघ गेली होती. लख्ख उन्हात ती लांबूनही दिसत होती.

"बाबा, तडा आहे याला."

"कुठे?"

"हा काय, मधोमध."

ते खाली वाकले. मान आधी एका बाजूला तिरकी केली, मग दुसऱ्या. शेवटी त्यांनी बोट टेकवलं ते तड्यापासून चांगलंच लांब. "हां, हा होय," ते म्हणाले.

तिनं हेड त्यांच्याकडे वळवलं. "याच्यावरचा नंबर वाचा बरं."

नंबर चांगला ठसठशीत, उठावाचा होता. बाबांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि एकदम उखडले. "मी काय शाळेत बसलोय? घ्यायचं ते घे आणि चल!"

मग तिनंच निवड केली. हेड किती वेळा घासलंय ते कडेच्या जाडीवरून कसं ओळखायचं, हे काकांनी निघताना सांगितलं होतं. त्यातल्या त्यात जाड, बिनतड्याची दोन हेड तिनं बाजूला काढली. ठरलं असं, की दाबाखाली पाणी सोडून तपासताना जे गळेल ते भंगारवाला बदलून देईल.

टेम्पोच्या मागच्या हौद्यात ती दोघं हेडच्या शेजारी टेकून बसली.

"बाबा, घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेलेला तुम्हाला दिसला होता?"

बाबा मागे पळणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिले.

"नाही दिसला," ते म्हणाले. "जिकडे बघतो तिकडे मधोमध धुकं असतं. कडेचं सगळं दिसतं. रस्ता दिसतो ना, म्हणून म्हटलं निभेल."

"म्हणजे काकांनी..."

"क्लिप त्याचीच सुटली!"

"सुटली असेल. पण काटा काही झटक्यात चढत नाही. तुम्ही थांबला असतात, तर पाणी भरून, क्लिप आवळून घरी आला असतात."

बाबांचा आवाज खाली आला. "इंजिन बसू दे. मग सांगू. आत्ता सांगितलं तर तो कामावरून हात काढून घेईल. आणि गाडी बंद तर घर बंद."

तिनं मान डोलावली. डोलावताना तिला स्वतःचीच शरम वाटली, पण ती डोलावली.

पाण्याच्या तपासणीत एक हेड गळलं. ते बदलून आणलं, ते टिकलं. दोन्ही घासून, व्हॉल्व्ह बसवून गॅरेजमध्ये आली. काका कामाला लागले. पण हे काम नेहमीचं नव्हतं. एकदा आवळलेला बोल्ट ते ढिला करायचे, पुन्हा आवळायचे, दोन पावलं मागे जाऊन परत यायचे. ओठांत बोल्ट नव्हता. एक जुनं गिऱ्हाईक ब्रेकचं काम घेऊन आलं, त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

"त्यांना का पाठवलंत, काका?"

"ब्रेकचं काम आहे बाई. उद्या माझ्या हातून कुणाचा जीव गेला तर?" ते इंजिनावर वाकून बोलत होते. "तुमची गाडी उभी केली की शटर ओढणार. पुरे झालं."

थोरली तडक घरी आली. बाबा खाटेवर पडले होते.

"उठा. तुम्ही आत्ता येऊन सांगा. नाहीतर मी जाऊन सांगते."

"दोन दिवस थांब ना..."

"ते गॅरेज बंद करायला निघालेत, बाबा."

ते उठले. वाटेत तिनं हात धरायला पुढे केला तो त्यांनी झटकला.

गॅरेजच्या दारातच उभं राहून बाबांनी सांगून टाकलं. डोळ्यांचं, काट्याचं, सगळं. शेवटी म्हणाले, "तुझ्यावर ढकललं मी. चुकलं माझं."

काकांनी पाना हळूच बाकावर ठेवला. थोरलीला वाटलं, आता हे शिव्या घालतील. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले डोळ्यांना?"

"झालं असेल वर्ष."

काका पुटपुटत काही जुळवत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला.

"उन्हाळ्यात माझ्या नाती तुझ्या केबिनमध्ये बसून आजोळी गेल्या. तुझ्या शेजारी. तेव्हा तुला दिसत नव्हतं?"

बाबांनी मान खाली घातली.

"माझ्यावर आळ घातलास, ते मी गिळलं असतं रे," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पोरींना बसवून घेतलंस. मी हात हलवून टाटा करत होतो. ऊठ इथून. जा."

बाबा बसलेलेच नव्हते. ते वळले आणि एकटेच, दाराच्या चौकटीला खांदा घासत बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी काकांनी इंजिन पुरं केलं. एका दमात, एकही बोल्ट दुसऱ्यांदा न उघडता. ट्रक सुरू झाला, खूप वेळ चालू ठेवला, हेडच्या सांध्यातून कुठं थेंबही आला नाही. काकांनी मजुरीचा आकडा सांगितला. थोरली म्हणाली, "हप्त्यानं देते." त्यांनी मान डोलावली आणि किल्ली तिच्या हातात दिली.

"तो या सीटवर बसलेला मला दिसला, तर मी स्वतः पोलिसांकडे जाईन. बापाला सांग तुझ्या."

"ड्रायव्हर ठरवलाय मी, काका. उद्यापासून येतोय."

ती केबिनमध्ये कागदपत्रं ठेवून उतरली. काका नळावर हात धूत होते. पाठ तिच्याकडेच होती.

"सकाळी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंस ना? काय म्हणाला?"

"जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही म्हणाले. उरलेलं टिकवायला इंजेक्शनं द्यायची. सोमवारपासून."

"डोळ्यात?"

"हो."

काका बराच वेळ हात धूत राहिले. "तो सुईला भितो," ते म्हणाले. "लहान पोरासारखा भितो."

"तुम्ही याल का?"

"नाही," काका म्हणाले आणि नळ बंद केला.